पडद्यावरील स्नेहपाक : विद्यार्थ्याने पाहावे तरी कोठे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि आयुर्वेद महाविद्यालयांतील अध्यापनास व्हिडिओ व्याख्यानांचा आश्रय घ्यावा लागला. तो काळ सरला, व्हिडिओ मात्र राहिले. त्यांस विरोध करण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्यांत विद्यार्थ्याच्या अवधानास वाट दाखविली जात नाही, ही उणीव आपल्या व्यवसायाला भोवणारी आहे.

स्नेहपाकाचेच उदाहरण घेऊ. कढई, कल्क, वाफ, शेगडी, अध्यापकांचा हात आणि चेहरा हे सारे एकाच चौकटीत दिसते. जाणत्या वैद्याची दृष्टी आपोआप कल्कावर व फेसावर जाते. नवख्याची वाफेवर नाहीतर चेहऱ्यावर खिळते. कल्काची वर्ती वळली जाणे, ती अग्नीवर टाकली असता तडतड न होणे, तैलात फेस उठणे, घृतात तो शमणे ही शार्ङ्गधरोक्त सिद्धिलक्षणे त्यास मुखोद्गत असतात. मात्र फेस उठला त्या क्षणी व्याख्याते कॅमेऱ्याकडे पाहून त्या तैलाची फलश्रुती सांगत असतात! पुढे हाच विद्यार्थी आपल्यापैकी कुणाच्या फार्मसीत उमेदवारीस येतो आणि नस्यासाठी मृदुपाक हवा असता तैल खरपाकावर नेतो. ते अभ्यंगास चालेल, नस्यास नव्हे. आणि एकदा बाटलीत भरल्यावर रुग्णास हा भेद कळण्याचा मार्ग नाही.

मन सन्निध नसेल तर इंद्रिय व विषय एकत्र येऊनही ज्ञान होत नाही, हे चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितलेच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातही, महत्त्वाच्या भागाकडे खूण केल्याने आकलन सुधारते आणि अनावश्यक सजावटीने ते बिघडते, असे दिसून आले आहे.

म्हणून अध्यापकांनी लक्षण प्रकट होण्यापूर्वीच "आता कल्काकडे पाहा" असे सांगावे, कॅमेरा बोटांजवळ न्यावा आणि स्वतः क्षणभर मौन पाळावे. नंतर चित्र थांबवून "फेस वाढला की शमला?" असा प्रश्न टाकावा. पार्श्वभूमीस बासरी लावण्याची हौस तर सर्वस्वी सोडावी. शब्दहीनता हीच जेथे परीक्षा, तेथे बासरीखाली तडतड ऐकू यावी कशी?

फार्मसीचालकांना एक विनंती आहे. चित्रीकरणास मंडळी आली की आपण यंत्रे व नामफलक दाखवितो. त्याऐवजी पाकाच्या अखेरच्या काळात कॅमेरा कढईवर लावू द्यावा. मृदुपाकातील किंचित ओलसर, मध्यमपाकातील नीरस पण मऊ आणि खरपाकातील किंचित कठीण असे तिन्ही कल्क शेजारी ठेवून दाखवावेत. गंध व स्पर्श पडद्यावर उतरत नाहीत. त्यासाठी पाकाच्या दिवशी जवळच्या महाविद्यालयातील दोन-चार विद्यार्थ्यांना कढईपाशी उभे राहू द्यावे.