उकिरड्याचा पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. बारा वर्षांच्या आठ फेऱ्या उलटल्या, तिथला ढीग सुमारे १८५ लाख टनांवर गेला, पांग काही फिटला नाही. म्हण खोटी नाही. ती ज्या उकिरड्यासाठी होती, त्यात शेण, पालापाचोळा, चुलीतली राख आणि अंगणातली झाडलोट एवढेच पडत असे. मातीला पचणार नाही असे तिथे काही जातच नव्हते.

या पचनाचे शास्त्र होळकरांच्या इंदुरात मांडले गेले. १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या वनस्पती-संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातला पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचले. ओल राखली, हवा खेळावी म्हणून ढीग ठरावीक दिवसांनी खालीवर केला आणि तीन महिन्यांत खत तयार केले. ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली ती हॉवर्ड यांच्या नावाने. पण १९३१ च्या मूळ ग्रंथावर दुसरे नाव यशवंत वाड यांचे आहे. ते आज फारसे कुणाला आठवत नाही.

कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी हाच प्रश्न संडासापासून सुरू केला. भंगीकाम आपल्यालाही करू द्यावे म्हणून १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी उपोषण केले होते. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी सोनखताचे प्रयोग केले. १९५९ मध्ये देहूला सरकारी डॉक्टर म्हणून आलेले सुहास मापुसकर तीच वाट पुढे चालले. संडासाला गॅसप्लँट जोडून त्यांनी त्यावर चूल पेटवून दाखवली. पुण्यात आनंद कर्वे यांनी तर शेणाचीच मक्तेदारी मोडली. गायीच्या पोटातल्या जिवाणूंना अन्न मिळते ते तिच्या चाऱ्यातून. मग खरकटे आणि पीठच त्यांना थेट का घालू नये? त्यांच्या ‘आरती’ संस्थेच्या, खरकट्यावर चालणाऱ्या या छोट्या गॅसप्लँटला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

या सगळ्यांच्या यशामागे एकच साधी गोष्ट होती. ढिगात, खड्ड्यात किंवा टाकीत काय पडते ते त्यांना ठाऊक होते, आणि त्याला हात लावायची त्यांना लाज नव्हती.

शहरांचे नेमके इथेच चुकले. १८९६ च्या प्लेगने मुंबईला घाणीची दहशत बसवली, आणि घाण दूर नेऊन टाकणे हीच स्वच्छता ठरली. भाजीची देठे, बॅटरी, काच आणि पिशवी एकाच गाडीत गेली की त्यातले काहीच कामाचे राहत नाही. सडणारे खाली दबते, त्याला हवा मिळत नाही, मिथेन साठतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटले, तेव्हा तो धूर उपग्रहालाही दिसला.

या मिसळीतून कामाचे तेवढे उचलणारे हात मात्र शहरात नेहमीच होते. ते बहुतेक दलित बायकांचे होते, म्हणून त्यांच्या जाणकारीला कुणी ज्ञान म्हटले नाही. कुठले प्लॅस्टिक भंगारवाला घेईल आणि कुठले परत करील, हे त्या बोटांनी चुरगाळून सांगतात. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून पालिकेसाठी दारोदार कचरा गोळा करते. ओला-सुका वेगळा घेणारे तिचे ३,००० हून अधिक सभासद वाड आणि आप्पांचेच काम शहरात करत आहेत. तरी त्यांच्या कराराचे नूतनीकरण दर वेळी टांगणीला लागते, आणि प्रकल्पांच्या निविदा मात्र कोटींच्या आकड्यांत निघत राहतात.

यंत्रे हवीतच, देवनारचा जुना डोंगर हातांनी उपसता येणार नाही. पण नवा डोंगर रोज सकाळी दारातल्या एकाच बादलीतून सुरू होतो, आणि त्यावर शंभर वर्षांच्या संशोधनाने सांगितलेला उपाय एकच आहे: ओले आणि सुके दारातच वेगळे ठेवणे. म्हणीतली बारा वर्षे त्याच अटीवर दिलेली होती. २०१६ च्या घनकचरा नियमांतच ती अट स्पष्ट लिहिली गेली. पालिकांच्या अंदाजपत्रकांत ती शोधावी लागते.