‘गोळी बंद केली तर चालेल ना?’ – उत्तर देण्यापूर्वी

काही प्रश्न रुग्ण आसनावर बसून विचारीत नाही. औषधाची पुडी हातात घेऊन, उठून, दाराशी थांबून तो विचारतो. ‘वैद्यराज, ती कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तर चालेल ना?’ हा असाच एक प्रश्न. विचारणाऱ्याला बहुधा होकार हवा असतो आणि देणाऱ्यालाही होकार देणे सुखाचे वाटते. आपल्या शास्त्रावरील रुग्णाचा विश्वास त्या प्रश्नात दिसतो, म्हणून आपण सुखावतो. या सुखापासून सावध राहावे, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

आमच्या हातून घडलेली एक चूक प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता व धमनीत स्टेंट बसविलेला होता. पाय दुखतात, अंग जड वाटते, अशी तक्रार होती. आम्ही पथ्य सांगितले, गुग्गुळकल्प योजला, चालण्याचा व्यायाम दिला. तीन महिन्यांत वजन उतरले, अंग हलके झाले. मग त्यांनी दाराशी थांबून तोच प्रश्न विचारला. ‘बंद करा’ असे आम्ही म्हटले नाही. ‘आता तशी गरज दिसत नाही’ असे म्हटले. रुग्णाच्या कानी दोन्हींचा अर्थ एकच होतो. पुढच्या वर्षी त्यांना दुसरा झटका आला. सुदैवाने ते वाचले. गोळी चालू असती तर झटका आलाच नसता, असे एका रुग्णाबाबत कोणालाही सिद्ध करता येणार नाही. परंतु आपण ते उत्तर कशाच्या आधारे दिले, असे त्यांच्या चिरंजीवांनी विचारले, तेव्हा आमच्या केसपेपरवर त्याविषयी एक अक्षरही नव्हते. ती शांतता आम्ही विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून आम्ही शिकलो ते हे, की हा प्रश्न दिसायला एक असला तरी वस्तुतः दोन आहेत. ज्याला हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेला आहे, ज्याच्या धमनीत अवरोध सिद्ध झाला आहे, त्याचा प्रश्न निराळा. आणि जो निरोगी आहे, केवळ तपासणीच्या कागदावर एक आकडा वाढलेला घेऊन आला आहे, त्याचा निराळा. दोघांना एकच उत्तर देणारा वैद्य एकाचे तरी अहित करतो.

पहिल्या गटाविषयी पुरावा फार स्वच्छ आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील सिम्वास्टॅटिनच्या अभ्यासात ४,४४४ हृद्रोगी होते. निम्म्यांना औषध व निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ दगावले, औषध घेणाऱ्यांपैकी १८२. केवळ कागदावरचा आकडा खाली आला असे नव्हे, तर माणसे जगली. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित गणित असे सांगते, की एलडीएल सुमारे ३९ मि.ग्रॅ.ने उतरले की झटका, पक्षाघात आदी मोठ्या घटना साधारण एक-पंचमांशाने कमी होतात.

हा एक-पंचमांश कशाचा, हे समजून घेणे हाच निर्णयाचा गाभा आहे. समजा, पुढील दहा वर्षांत शंभरांपैकी तिसांना झटका येण्याचा संभव आहे, असा गट घेतला. त्यात सहा जणांचा झटका टळेल. ज्या गटात शंभरांपैकी पाचांनाच तो संभव आहे, तेथे एकाचा टळेल. उरलेले नव्याण्णव जण गोळी घेऊनही ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने जातील. गोळी तीच, गुण तोच. लाभ मात्र रुग्णाच्या मूळ धोक्यावर अवलंबून. रोगबल आणि रुग्णबल पाहून औषधाची योजना करावी, हे आपणांस कोणी नव्याने शिकवायला नको. तेच येथे आकड्यांत मांडलेले आहे.

म्हणून दुसऱ्या गटातील रुग्णासमोर घाई नको, आणि भीतीही नको. अडतीस वर्षांची एक गृहिणी आरोग्यशिबिरातील अहवाल घेऊन आमच्याकडे आली. एकूण कोलेस्टेरॉल २४० च्या वर. तीन रात्री तिला झोप नव्हती. धूम्रपान नाही, मधुमेह नाही, रक्तदाब प्राकृत, घराण्यात अकाली हृद्रोग नाही. मात्र थंडी सोसत नाही, मलावरोध, केस गळतात, स्वर बसलेला. थायरॉईडची तपासणी करविली. विकार तेथे होता. त्यावर उपचार झाल्यावर कोलेस्टेरॉल आपोआप उतरले. अनियंत्रित मधुमेह, वृक्काचे व यकृताचे काही विकार यांतही हा आकडा चढतो. निदान म्हणजे कारणाचा शोध, हे आपले ब्रीद. आकड्यावर औषध देणे, मग ते स्टॅटिन असो वा गुग्गुळ, हे निदान नव्हे.

याच्या उलट, कृश देहाच्या तरुणालाही फसू नये. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलात एलडीएल १९० वा त्याहून अधिक असते, स्थौल्याचा मागमूस नसतो, आणि भाऊ वा वडील ऐन उमेदीत गेलेले असतात. तेथे केवळ पथ्यावर विसंबणे धोक्याचे. दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतर देशांतील लोकांपेक्षा लवकर येतो, हे बावन्न देशांत झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत सर्वसामान्यांसाठी एलडीएल १०० च्या आत, अधिक धोक्याच्या रुग्णांत ७० च्या आत व अत्यधिक धोक्याच्या रुग्णांत ५५ च्या आत असावे, असे म्हटले आहे. ही श्रेणी आपल्या टेबलावर असावयास हवी.

आता थोडे आपल्या घरातले. कोलेस्टेरॉल म्हणजेच मेद, असे समीकरण आपल्या व्याख्यानांतून सर्रास मांडले जाते. सुश्रुताने स्थौल्याचे मूळ रसात सांगितले, मेदाने स्रोतसांचा मार्ग अडतो हे सांगितले. ती दृष्टी मोठी आहे. परंतु प्रयोगशाळेतील एक आकडा आणि मेदोधातू यांना एकच मानणे, हा त्या दृष्टीचा गौरव नव्हे. कृश रुग्णातील वाढलेले एलडीएल या समीकरणात बसत नाही.

गुग्गुळाची कथाही पूर्ण सांगितली पाहिजे. १९६६ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताच्या वर्णनाचा धागा धरून गुग्गुळावर संशोधन केले, हा आपणां सर्वांच्या अभिमानाचा विषय. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुगुलिपिड सिद्ध केले आणि भारतातील काही चाचण्यांत लाभ दिसला. परंतु २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत एलडीएल उतरले नाही, किंचित वाढले, व काहींच्या अंगावर पुरळ उठले. त्यांचा आहार निराळा, अनुपान नाही, प्रकृतिविचार नाही, हे आक्षेप आम्हांलाही सुचतात. पण आक्षेप म्हणजे पुरावा नव्हे. गुग्गुळाने झटके टळतात, मृत्यू टळतात, असे दाखविणारी मोठी चाचणी आपल्याजवळ नाही. स्टॅटिनच्या बाबतीत ती आहे. तेव्हा स्टेंट बसविलेल्या रुग्णाला एकाच्या जागी दुसरे देण्याचा अधिकार आपणांस अद्याप प्राप्त झालेला नाही.

‘ते रासायनिक, आमचे नैसर्गिक’ हा युक्तिवादही सोडून द्यावा. स्टॅटिनचा शोध जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून लावला. लाल यीस्टच्या तांदळातील मोनॅकोलिन-के म्हणजे रासायनिक दृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. त्या तांदळाची कॅप्सूल ‘निसर्गोपचार’ म्हणून देणारा रुग्णाला मात्रेचा भरवसा नसलेले स्टॅटिनच देत असतो.

दुष्परिणामांविषयी रुग्णाला खरे सांगावे. स्नायुदुखी होते, मधुमेहाकडे झुकलेल्यांत शर्करा थोडी वाढू शकते, गर्भवतीला हे औषध सामान्यतः देत नाहीत. तीव्र स्नायुवेदना व काळपट मूत्र दिसल्यास गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे पाठवावे. हे क्वचित घडते, पण विसरू नये. मात्र प्रत्येक पायदुखीचा दोष गोळीच्या माथी मारू नये. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांवर इंग्लंडमध्ये झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गोळीने झालेल्या त्रासाचा सुमारे नऊ-दशांश भाग निष्क्रिय गोळीनेही झाल्याचे आढळले. दुखणे खोटे नसते. त्याचे कारण आपण समजतो ते नसते. पुष्कळदा मात्रा कमी करून वा त्याच गटातील दुसरे औषध देऊन प्रश्न सुटतो. तो निर्णय ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली त्यांच्याशी बोलून व्हावा. एक दूरध्वनी करण्यात आपला कमीपणा नाही.

औषधविक्रेत्या बंधूंना विशेष विनंती. दरमहा स्टॅटिनची पाकिटे नेणारा रुग्ण दोन महिने फिरकला नाही, हे सर्वांआधी तुमच्या लक्षात येते. त्याला सहज विचारा. गोळीच्या बदली ‘कोलेस्टेरॉलवरचे आयुर्वेदिक’ म्हणून काही हाती देऊ नका, आणि चिठ्ठीवाचून स्टॅटिनही देऊ नका. सिम्वास्टॅटिन वा अटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन आले तर देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. गुग्गुळ घेणाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल वा डिल्टियाझेम चालू असेल तर ते औषध शरीरात कमी शोषले जाऊ शकते, हेही ध्यानी असू द्या.

मग आपले काम काय उरले? आमच्या मते, सर्वांत कठीण काम आपलेच आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाचे वरण, ताक, नित्य चालणे, दिवास्वाप वर्ज्य, तंबाखू वर्ज्य; हे सांगणे सोपे, रुग्णाकडून वर्षानुवर्षे करवून घेणे अवघड. ते गोळीने होत नाही. कमी धोक्याच्या रुग्णात तीन महिने हे निष्ठेने करून पुन्हा तपासणी करावी व मग त्याच्यासह निर्णय घ्यावा. गोळी चालू असलेल्या रुग्णातही हेच करावे. गोळीच्या जागी नव्हे, गोळीसह.

आम्ही आता प्रत्येक केसपेपरवर तीन ओळी लिहितो. रुग्णास पूर्वी झटका, पक्षाघात वा धमनीतील अवरोध होता काय? गोळी कोणी व कशासाठी सुरू केली? आज आपण काय सांगितले आणि कशाच्या आधारे? आपणही हे करून पाहावे. ते शिक्षक आजही आमच्याकडे येतात. गोळी चालू आहे, भाकरी आणि चालणेही चालू आहे. दाराशी थांबून ते आता तो प्रश्न विचारीत नाहीत. इतर रुग्ण मात्र विचारतात. अशा वेळी आम्ही त्यांना परत आसनावर बसायला सांगतो.