सापडलेली पिशवी आणि गावाची वही

गेल्या माघात एस.टी.तून उतरताना माझी कापडी पिशवी सीटवरच राहिली. आत पैसे नव्हते. नऊ वर्षांची डायरी होती. कुणाच्या रानात पेरणी कधी झाली, हरभऱ्यावर घाटेअळी कधी दिसली, मर कुठं लागली, सारं तिच्यात. विकली तर रद्दीचा भाव. माझी मात्र नोकरीची कमाई.

चौथ्या दिवशी एक ऊसतोड मजूर पिशवी घेऊन दारात उभा! त्याला वाचता येत नव्हतं. मुकादमाकडून डायरीवरचं नाव-गाव वाचून घेतलं आणि दिवसाची मजुरी बुडवून तो आला. भाड्याचे पैसेही घेईना. "साहेब, येवढं लिवलंय म्हंजी कामाचं आसंल," एवढंच म्हणाला.

त्याचा चांगुलपणा मोठाच. पण डायरीवर गाव लिहिलेलं नसतं, तर तो माझ्या दारापर्यंत पोचला असता का? तेव्हा पिशवीवर, पासबुकाच्या कव्हरवर नाव-गाव लिहा. सातबारा हरवला तर दुसरा निघतो. अशी डायरी निघत नाही.

सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं ती नीट सांभाळावी, असं १८७२ चा करार कायदाही सांगतो. पण द्यायची कुणाकडे, हे खेड्यात कुणाला ठाऊक असतं? सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कार्यालयात 'सापडलेल्या वस्तूंची वही' ठेवावी, आठवड्याला फळ्यावर नोंद लावावी. खर्च एका वहीचा. प्रामाणिक माणसं गावोगाव आहेत. त्यांना वाट तेवढी करून द्या.