आधी चित्रपट, मग डिस्नेलँड
कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे 1955 मध्ये सुरू झालेल्या डिस्नेलँडची सहल ठरवणाऱ्या कुटुंबांनी मुलांना आधी ‘स्नो व्हाइट’ (1937) आणि ‘पीटर पॅन’ (1953) हे चित्रपट दाखवणे अगत्याचे आहे, कारण या चित्रपटांवर बेतलेली तेथील ‘डार्क राइड’, म्हणजे अंधाऱ्या दालनांतून गाडीत बसून पाहायची दृश्यमालिका, जेमतेम काही मिनिटांची असते आणि कथा ठाऊक आहे असे गृहीत धरूनच रचलेली असते. आरंभी तर या दोन्ही सफरींत पीटर आणि स्नो व्हाइट नव्हतेच. प्रेक्षकाने स्वतःलाच त्यांच्या जागी कल्पावे, हा रचनाकारांचा हेतू अनेकांच्या ध्यानात न आल्याने 1983 च्या नूतनीकरणात त्यांच्या आकृती बसवण्यात आल्या. ‘पीटर पॅन’च्या सफरीत छतालगतच्या रुळाला टांगलेले छोटे जहाज रात्रीच्या लुकलुकत्या लंडनवरून तरंगत निघते, तेव्हा त्या उड्डाणाचा खरा आनंद चित्रपट पाहिलेल्या मुलालाच लाभतो. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चा क्रम मात्र उलटा, कारण सफर 1967 ची आणि तिच्यावरून निघालेला चित्रपट 2003 चा आहे, शिवाय त्यातील सांगाडे लहानग्यांना घाबरवणारे असल्याने तो मुले मोठी झाल्यावर पाहिला तरी काही बिघडत नाही.