पेपरची लाइन आणि पेट्रोलचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

इंधन-बचतीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती मोठ्या गोष्टींची. आखातातील तेलविहिरी, परकीय चलन, सरकारचे कर आणि फार तर मंत्र्यांच्या गाड्यांचे ताफे. नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. त्या घटनेला अर्धशतक उलटून गेले. बचतीची भाषणे मोठ्या व्यासपीठांवर आणि पेट्रोलचा खर्च मात्र लहान खिशांतून, ही रीत काही बदललेली नाही. अशाच एका लहान खिशाविषयी मला येथे लिहावयाचे आहे. तो खिसा पहाटे घरोघरी वर्तमानपत्र टाकणाऱ्याचा आहे.

आपल्या महाविद्यालयात पेपरची लाइन टाकून शिकणारे विद्यार्थी आजही आहेत. मीही त्यांतलाच एक. साताऱ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली येथे काढलेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाची उभारणीच 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर झाली. तेव्हा येथे विषय कष्टाचे कौतुक करण्याचा नाही. कष्ट करून मिळवलेल्या पैशातला किती भाग धुराड्यातून निघून जातो, आणि तो का जातो, एवढाच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. छापखान्यातून निघालेले गठ्ठे शहरापर्यंत आणण्याचा खर्च वर्तमानपत्राचा असतो. तेथून तुमच्या उंबऱ्यापर्यंतचा खर्च ज्याची लाइन आहे त्याचा. अंकामागे मिळणारे कमिशन ठरलेले असते. पेट्रोल महागले म्हणून ते आपोआप वाढत नाही. पूर्वी ही सारी कामे सायकलवर होत. १९७२ साली लूना बाजारात आली आणि हळूहळू पेपरच्या पिशव्या सायकलीवरून मोपेडवर चढल्या. यात चैन म्हणण्यासारखे काही नाही. पेठांपुरते असलेले शहर शाहूपुरी, गोडोली, करंजे अशा अंगांनी पसरले, आणि पेपर मात्र सकाळच्या चहाआधीच हवा, ही अपेक्षा तशीच राहिली. तेव्हा इंजिन आले ते गरजेपोटीच.

आता हिशेब पाहू. समजा, एका लाइनमध्ये अडीचशे अंक आहेत आणि फेरी सोळा किलोमीटरची आहे. घराघरापाशी थांबत जाणारी मोपेड लिटरला चाळीस किलोमीटर देते असे धरू. पेट्रोलचा दर मुंबईत २०२१ च्या मे महिन्यात शंभरावर गेला; हिशेबाच्या सोयीसाठी आपण शंभर रुपयेच घेऊ. रोजचे चाळीस रुपये झाले, म्हणजे महिन्याचे बाराशे, आणि अंकामागे सोळा पैसे. सोळा पैसे ऐकून हसू येईल. पण याच लाइनमधले शंभर अंक बंद झाले तर? फेरी तेवढीच राहते. चाळीस रुपये आता दीडशे अंकांवर वाटले जातात आणि अंकामागचा खर्च जवळजवळ सत्तावीस पैशांवर जातो. कमिशन मात्र दीडशे अंकांचेच मिळते.

हे उदाहरण हवेतले नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत घरोघरी पेपर टाकणे थांबले. त्या एप्रिलमध्ये आपल्या राज्यात त्यावर बंदीचा आदेशच निघाला होता. टाळेबंदी उठली, पण बंद झालेली सगळी घरे परत आली नाहीत. कोणाला मोबाइलवर बातम्या वाचण्याची सवय लागली, कोणी काटकसर केली. परिणाम असा झाला की लाइनची लांबी कायम राहिली आणि घरे मात्र विरळ झाली. पूर्वी एका वाड्यात सहा अंक पडत, तेथे आता दोन पडतात. त्या दोन अंकांसाठी गाडी तेवढीच पळते. म्हणून मी म्हणतो की पेपरच्या लाइनवर पेट्रोल वाचवणे ही आता नुसती काटकसर राहिलेली नाही. लाइन टिकेल की मोडेल, हाच तो प्रश्न आहे. आणि लाइन मोडली म्हणजे एका विद्यार्थ्याची फी, पुस्तके आणि खानावळ यांचा आधार मोडला.

मग पेट्रोल जाते कुठे? ओझ्यामुळे जाते, असे बहुतेकांना वाटते. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला सुमारे पंचेचाळीस ग्रॅम भरतो. त्या मानाने सोळा पानी अंक साधारण पासष्ट ग्रॅमचा होतो आणि अडीचशे अंक सोळा किलोंचे. गाडी आणि स्वार मिळून दीडशे किलोंच्या घरात असतात; त्यांत या सोळा किलोंनी फारसा फरक पडत नाही. खरा फरक पडतो तो थांबण्या-निघण्याने. उभी गाडी हलवायला लागणारे तेल चालत्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त, आणि चढावर उभी असलेली गाडी हलवायची तर विचारूच नका. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे चढत जाताना दर दहा पावलांवर थांबून पेपर टाकणारा आणि एकदम वर जाऊन उतरताना पेपर टाकणारा, या दोघांचे अंतर सारखेच भरेल. पेट्रोल सारखे भरणार नाही. चढ एका दमात, वाटप उताराला, हा साधा नियम आहे. उताराला इंजिन बंद करून गाडी सोडण्याची काहींना सवय असते. ती मात्र काटकसर नव्हे. पहाटेच्या अंधारात दिवा मंदावतो, आणि वाचवलेल्या दोन रुपयांपायी हातपाय मोडून घेणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

दुसरे कारण याहून मोठे आहे, आणि ते म्हणजे लाइनचा विस्कळीतपणा. लाइन कोणी नकाशावर आखत नाही. ती वाढत जाते. नवे गिऱ्हाईक मिळाले की ते शेपटाला जोडले जाते. एक घर सुटले की मधे खड्डा पडतो. चार-पाच वर्षांनी लाइन अशी होते की एकाच गल्लीत सव्वापाचला एकदा आणि सहाला पुन्हा जावे लागते. पोरगा ती तोंडपाठ करतो, पिशवीत अंक त्याच क्रमाने लावतो, आणि मग तो क्रम वेदवाक्य होऊन बसतो. पुढचा पोरगा आला की त्यालाही तोच क्रम शिकवला जातो.

वास्तविक या प्रश्नावर गणितज्ञांनी फार पूर्वी विचार केला आहे. कला शाखेच्या वाचकांनी गणिताचे नाव ऐकून पान उलटू नये, कारण गोष्ट मजेची आहे. कोनिग्सबर्ग (आजचे रशियातील कालिनिनग्राद) या गावात सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे गाव फिरता येईल काय, असे तेथले लोक एकमेकांस विचारीत. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने सिद्ध केले की तसे करता येणार नाही. एकही रस्ता दोनदा न तुडवता सगळे रस्ते फिरून मूळ जागी यायचे असेल, तर प्रत्येक चौकात मिळणाऱ्या रस्त्यांची संख्या सम असावी लागते. पुढे १९६० साली क्वान मेइ-को या चिनी गणितज्ञाने पोस्टमनचा प्रश्न मांडला. पोस्टमनला सगळ्या गल्ल्या फिरायच्याच आहेत. काही गल्ल्या दोनदा चालाव्या लागणार हेही खरे. तर त्या दुबार गल्ल्यांची एकूण लांबी कमीत कमी कशी ठेवावी?

पेपरवाल्याचा प्रश्न हाच आहे. त्याचे उत्तर काढायला यंत्र लागत नाही. कागदावर गल्ल्यांचा कच्चा नकाशा आणि एक पेन्सिल पुरते. बंद बोळात गेले की परत यावेच लागते, म्हणजे तो बोळ दुबारच. तेव्हा गाडी बोळाच्या तोंडाशी बंद करून आत पायी जावे. रुंद आणि वर्दळीच्या रस्त्याला दोन फेऱ्यांत दोन बाजू कराव्यात, अरुंद गल्लीत एकाच फेरीत दोन्ही. दर सहा महिन्यांनी, घरे सुटली-जोडली गेली की, नकाशा पुन्हा मांडावा. अशा मांडणीने वरच्या उदाहरणातील सोळा किलोमीटरचे बारा झाले, तर महिन्याला तीनशे रुपये वाचतात. तीनशे रुपयांत काय येते, हे ज्याने वर्षाच्या सुरुवातीला जुन्या पुस्तकांच्या दुकानात घासाघीस केली आहे त्याला सांगावयास नको.

परंतु एकट्याने नकाशा काढून भागत नाही. एकाच इमारतीत तीन विक्रेत्यांचे तीन पोरगे तीन गाड्यांवरून येतात. पहिल्या मजल्यावर एक पेपर टाकतो, दुसऱ्या मजल्यावर दुसरा. याला कारण जुन्या ओळखी. लाइन ही विक्रेत्याची मिळकत असते, ती पैसे मोजून घेतली-दिली जाते. त्यामुळे आपले घर दुसऱ्याला द्यायला कोणी धजत नाही. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. पण घरास घर, अंकास अंक अशी अदलाबदल केली तर कोणाचेच नुकसान नाही. तुमची गोडोलीतली दहा घरे मला द्या, माझी करंज्यातली दहा तुम्ही घ्या. विक्रेत्यांच्या संघटनेने मध्यस्थी करून हे एकदा लिहून ठेवले, तर तंटा राहणार नाही. स्पर्धा असावी, पण एकाच जिन्याखाली तीन इंजिने धडधडत ठेवण्यात कोणती स्पर्धा आहे?

गाडीच्या निगेविषयी थोडेच सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक असते आणि कोणी करीत नाही. चाकातली हवा आठवड्याला पाहावी, हवेची जाळी साफ ठेवावी, इमारतीपाशी थांबताच इंजिन बंद करावे. इंधन-बचतीच्या प्रचारासाठी १९७८ पासून पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ ही सरकारी संस्था आहे, आणि तिचे सांगणेही याच वळणाचे आहे. विजेवरच्या गाड्याही आल्या आहेत. खुद्द लूना २०२४ साली विजेवर होऊन परतली. थांबत-निघत जाणाऱ्या कामाला ती गाडी सोयीची, यात शंका नाही. पण ती घेण्याचे भांडवल ज्याच्यापाशी आहे तो बहुधा पहाटे पेपर टाकीत नाही. आणि दाट वस्तीच्या पेठांतून पन्नास-साठ अंकांची लहान लाइन असेल, तर जुनी सायकल आजही कोणत्याही गाडीला हार जाणार नाही. चढ असला तर हातात धरून न्यावी.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो वाचकांचा आहे. लाइनचे पेट्रोल फक्त पहाटे जळत नाही. ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळीही जळते. त्या वेळी बिलाची वसुली असते. "साहेब घरी नाहीत", "सुटे नाहीत", "उद्या ये" ही तीन वाक्ये ऐकून परत फिरलेल्या गाडीचे पेट्रोल कोणी मोजत नाही. दीडशे-दोनशे रुपयांच्या बिलासाठी तीन खेपा झाल्या की त्या घराचे निम्मेअधिक कमिशन रस्त्यावर सांडते. आज तर घरबसल्या मोबाइलवरून पैसे पाठवता येतात. तसेच तळमजल्याला जिन्यापाशी एक पेटी किंवा दोरीची पिशवी अडकवली, तर पोरगा पाच मिनिटे आधी पुढच्या घरी पोहोचतो. पुरवणी राहिली म्हणून त्याच दिवशी फोन करून त्याला उलट बोलावण्याऐवजी दुसऱ्या दिवशी मागितली, तर आकाश कोसळत नाही.

यांतल्या कोणत्याही गोष्टीला कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण दरवर्षी श्रमदान करतो, रस्ते झाडतो. माझी एक सूचना आहे. यंदा भूगोल आणि गणिताच्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे, आणि आपल्या पाच-सहा मित्रांनी शहरातील एका पेठेच्या सगळ्या पेपर-लाइनचा नकाशा काढावा. कोणती गल्ली किती वेळा तुडवली जाते ते त्यात दाखवावे आणि तो नकाशा विक्रेत्यांच्या हाती द्यावा. पुढे काय करायचे ते विक्रेते ठरवतील. ते आपल्यापेक्षा शहाणे आहेत. आणि प्राध्यापकांना, वडीलधाऱ्यांना एक विनंती: पेपरचे बिल पाच तारखेच्या आत देत चला. इंधन-बचतीवर इतके सोपे आणि इतके खात्रीचे काम दुसरे नाही.