तळ्याकांठचीं पांखरें आणि आपला कॅमेरा

आजकाल सुशिक्षित कुटुंबांत असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्यांत छायाचित्र घेण्याचें एकहि साधन नाहीं. पूर्वीं लग्नामुंजीला मुद्दाम बोलावून आणलेला फोटोग्राफर आतां घरांतील प्रत्येक मुलामुलीच्या खिशांत येऊन बसला आहे. या साधनाचा उपयोग बहुधा आपलाच चेहरा न्याहाळण्याकडे होतो, ही गोष्ट निराळी! परंतु गेल्या कांहीं वर्षांत एक चांगली संवय तरुण मंडळींना लागलेली दिसते. सकाळीं फिरावयास जावें तें तळ्याच्या कांठानें, आणि येतांना पांचदहा पांखरांचीं छायाचित्रें घेऊन यावें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आजोबांपासून धाकट्या नातवापर्यंत सर्वांनीं तीं पाहावीं, नांवांविषयीं वाद घालावा, आणि वाद मिटला नाहीं तर पुस्तक उघडावें. हा छंद आम्हांस फार पसंत आहे. आणि पसंत आहे म्हणूनच त्यांतील एका गोष्टीबद्दल या महिन्यांत थोडें परखड लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही लिहितों आहों तें शिरूर कासारच्या तळ्याकांठचा अनुभव जमेस धरून. शिरूर म्हटलें कीं पुष्कळांना पुणें जिल्ह्यांतील घोडनदीचें शिरूर आठवतें; हें तें नव्हे. हें बीड जिल्ह्यांतलें, सिंदफणेच्या कांठचें, तालुक्याचें गांव. येथें दाट अरण्य नाहीं. बालाघाटाचे उघडे डोंगर, बाभळी, बोरी, माळ आणि बेभरंवशाचा पाऊस. अशा मुलखांत पांखरें पाहावयाचीं तर पाण्याकडेच गेलें पाहिजे. सिंदफणेवर बांधलेला तलाव आहे. शिवाय आसपासच्या गांवांतून लहानमोठे पाझर तलाव आहेत. मराठवाड्यांतील अशा कित्येक तलावांचे बांध १९७२ च्या दुष्काळांत लोकांनीं मजुरीसाठीं माती वाहून घातलेले आहेत. पोटासाठीं केलेल्या त्या मातीकामावर पुढें बगळे आणि बदकें उतरतील, असें त्या वेळीं कोणी म्हटलें असतें तर टोपली उचलणाऱ्यांना ती थट्टाच वाटली असती.

तळ्याचें स्वतःचें एक पंचांग असतें. श्रावण-भाद्रपदांत पाणी चढूं लागलें, कीं पाणवेलींवरून कमळपक्षी आपल्या लांब बोटांनीं तोल सांवरीत चालतांना दिसतो. त्याची लांब शेपटी याच दिवसांत पाहून घ्यावी. हिंवाळ्यांत ती राहात नाहीं. या पक्ष्याच्या संसारांत अंडीं उबविणें व पिलें सांभाळणें हें सर्व नराकडे, आणि मादी दुसरा घरोबा करावयास मोकळी! आमच्या घरांतील वडील मंडळींना ही माहिती देतांना थोडी जपूनच द्यावी लागली.

दसरा उलटला, कीं येथें दोन स्थलांतरें एकदमच सुरू होतात. इकडे ऊसतोडीचीं कुटुंबें मुलेंबाळें, भांडींकुंडीं आणि बैल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि तिकडे लडाख, तिबेट व मध्य आशियाकडून चक्रवाकांचीं जोडपीं आमच्या तळ्यावर येऊन उतरतात. गांवें रिकामीं होतात व तळीं भरतात. फाल्गुन-चैत्रांत माणसें परततात, तोंवर पांखरें निघण्याच्या तयारींत असतात. दोघांनाहि घर सोडावयास लावणारें कारण एकच, पोट! पांखरांना मुकादमाची उचल फेडावयाची नसते, एवढाच काय तो फरक.

या चक्रवाकांना रात्रीं विरह होतो, अशी आपल्या संस्कृत कवींची समजूत. सूर्यास्तानंतर अर्धा तास कांठावर थांबून पाहिलें, तर जोडपें शेजारीं शेजारींच दिसतें. म्हणून कवींना खोटें ठरविण्याची घाई मात्र करूं नये. काळोख पडल्यावर पाण्यावरून येणारी त्यांची ती लांबट, आर्त हांक ज्यानें एकदां ऐकली, त्याला ही कल्पना कोठून निघाली असावी हें समजतें. कॅमेऱ्याला ती हांक टिपतां येत नाहीं. तेवढ्यापुरते कवि वरचढच.

चक्रवाकाबरोबर आणखी कितीतरी पाहुणे असतात. शेपटी खालींवर हालवीत चिखलांतून लगबगीनें फिरणारे धोबी आणि तुतवार हे त्यांतले नेहमींचे. घरच्या मंडळींत पाहावें, तर लांब तांबड्या पायांचा शेकाट्या. कपाळीं पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी. आणि चोंचीच्या टोंकाला हळद व मुळाशीं कुंकू लावून पोहणारें हळदीकुंकू बदक. हीं नांवें ज्यांनीं ठेविलीं, त्यांनीं पक्षी नीट पाहिला होता व आपलें घरहि विसरले नव्हते. मराठी पक्षिनामांचें हें धन गोळा करण्यांत ज्यांनीं जन्म वेंचला, ते मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्यें निवर्तले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस व १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा, या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्र सरकारनें २०२० पासून पक्षि-सप्ताह म्हणून ठरविला आहे. चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ घरांत असावा. मुलांनीं छायाचित्राखालीं मराठी नांव लिहावें असा आग्रह धरावयाचा, तर तें नांव सांगणारें पुस्तक हाताशीं नको काय?

आतां छायाचित्राच्या तंत्राविषयीं थोडेंसें. पांखराच्या पाठीमागें धांवून त्याच्या पाठीचेंच चित्र मिळतें. त्याऐवजीं एके ठिकाणीं बसावें. खंड्या पाण्यांत बुडी मारून बहुधा पुन्हां त्याच फांदीवर येतो; ती फांदी हेरून, सूर्य पाठीशीं घेऊन, हालचाल न करतां पाऊण तास काढावा. उगवतीनंतरचा पहिला तास सर्वांत उत्तम. पोहणारें बदक उभ्यानें टिपलें तर तें पाण्यावर पडलेल्या पानासारखें दिसतें. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा, म्हणजे अर्थात् आपण पालथें पडावें. कपडे माखतील, त्याला इलाज नाहीं. उडतें पांखरू हवें असल्यास एक हजारांश सेकंद किंवा त्याहूनहि कमी वेळ भिंग उघडें ठेवावें. आणि वंचकावर अवश्य हात बसवून पाहावा. चिखलांत बसला असतां हा बगळा मातीच्याच रंगाचा, दहा पावलांवरूनहि न दिसणारा; उडाला कीं एकदम पांढराशुभ्र! दोन्ही चित्रें जवळ जवळ ठेवून, हा एकच पक्षी आहे हें आजीला पटवून देण्यांत एक संध्याकाळ सहज जाते.

येथवर सर्व आनंदाचेंच आहे. आमची तक्रार आहे ती घरट्यांच्या छायाचित्रांविषयीं.

ही चाल नवी नाहीं. किंबहुना पक्षि-छायाचित्रणाचा आरंभच घरट्यापासून झाला. १८९२ सालीं इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनीं एका घरट्याचें छायाचित्र घेतलें, आणि तीनच वर्षांनीं पक्ष्यांच्या घरट्यांवर, सर्वस्वी छायाचित्रांनीं सजविलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें या बंधूंनीं पेंढा भरलेला पोकळ बैल तयार करून त्याच्या पोटांत बसून चित्रें घेतलीं. आपल्या देशांत लोदर या इंग्रज गृहस्थांनीं घरट्यांजवळ लपण उभारून वर्षानुवर्षें हेंच काम केलें. त्यांचा ग्रंथ १९४९ त निघाला. या लोकांच्या चिकाटीला आम्ही मनापासून मान देतों. पण त्यांनीं घरटेंच कां निवडलें, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. त्या वेळच्या कांचा मंद, भिंगें आंखूड. पक्षी चार हातांच्या आंत, ठराविक जागीं आणि पुन्हां पुन्हां आल्याखेरीज चित्र उमटणेंच कठीण. असा पक्षी येतो तो केवळ आपल्या अंड्यांकडे. म्हणजे ही पद्धत साधनाच्या दुबळेपणांतून जन्मली. आज पन्नास पावलांवरून टिटवीच्या डोळ्याभोंवतींची तांबडी कड दाखविणारें भिंग हातीं असतांना अंड्यांशीं जाऊन बसण्याला कोणती सबब राहिली?

आमच्या भागांत हा प्रश्न ऐन उन्हाळ्यांत येतो. चैत्रांत तलाव आटूं लागतो, कांठाची ओली जमीन उघडी पडते, तींत कोणी चाऱ्याची, कोणी टरबुजांची गाळपेर करतो. त्याच उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आधारानें, टिटवी बहुधा चार अंडीं घालते. तिनें उंचावर अंडीं घातलीं तर पाऊस मोठा, असा आमच्याकडील शेतकऱ्यांचा ठोकताळा आहे. तो खरा किती हें राहूं द्या; पण त्या ठोकताळ्यामुळें शेतकऱ्याचें लक्ष अंड्यांकडे असतें. कुळवाची पाळी घालतांना अंडीं दिसलीं, तर तेवढी जागा सोडून पाळी पुढें नेणारे शेतकरी आम्हीं पाहिले आहेत. आणि गेल्या उन्हाळ्यांत त्याच कांठावर तिघेचौघे शिकलेले तरुण किंमती कॅमेरे घेऊन अंड्यांभोंवतीं बसलेले पाहिले. सकाळचे दहा वाजून गेले होते. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती, मधूनच जमिनीवर उतरून पंख पसरीत होती. ‘काय सुंदर नाचते आहे!’ असे उद्गार आम्हीं ऐकले. पंख पसरणें हा नाच नव्हे. घुसखोराचें लक्ष आपल्याकडे वळविण्याची ती आईची केविलवाणी युक्ति असते.

त्या अर्ध्या घटकेंत काय होतें, तें सांगितलें पाहिजे. अंड्यांतील जीव वाढण्यास सुमारें ३७-३८ अंश उष्णता लागते, आणि त्याहून चारपांच अंश अधिक झाल्यास ती लवकरच प्राणघातक ठरते. आमच्याकडे उन्हाळ्यांत हवाच ४० अंशांवर जाते. उघडी जमीन तर त्याहून कितीतरी तापते. म्हणून या दिवसांत टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्याकरितां नसून सावली देण्याकरितां. नर व मादी आळीपाळीनें पाण्यावर जाऊन पोटाचीं पिसें भिजवून येतात व तो ओलावा अंड्यांना देतात. त्यांना अंड्यांपासून दूर ठेवणें म्हणजे अंडीं तव्यावर ठेवणें होय. शिवाय माणूस कोठें वांकून पाहतो, हें कावळा दुरून पाहतच असतो. आपण निघालों कीं तो येतो.

पंचतंत्रांत समुद्रानें टिटवीचीं अंडीं नेलीं, तेव्हां तक्रार गरुडामार्फत श्रीविष्णूपर्यंत गेली व समुद्राला तीं निमूटपणें परत करावीं लागलीं. आमच्या तळ्याला गरुडाचा धाक नाहीं. कायद्याचा मात्र आहे, जरी तो थोड्यांनाच ठाऊक आहे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यांत ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येंतच पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणें समाविष्ट केलेलें आहे. बंदुकीला शिवणार नाहीं असा आपल्या घरचा मुलगा कॅमेरा घेऊन या व्याख्येंत येऊन बसतो, हें त्याला कोणीतरी वडिलकीच्या नात्यानें सांगावयास हवें. पक्षिनिरीक्षकांच्या अनेक मंडळांनीं घरट्यांचीं छायाचित्रें स्वीकारावयाचीं नाहींत असा नियमच केला आहे, तो योग्यच होय. घरींहि असाच नियम असावा. घरट्याचें चित्र कोणी आणलें तर तें कितीहि सुबक असो, त्याचें कौतुक करूं नये. कौतुक नाहींसें झालें, कीं असलीं चित्रें आपोआप थांबतात, असा आमचा तर्क आहे.

यावर, ‘मग शास्त्राला उपयोगी पडेल असें आम्हीं टिपावें तरी काय?’ असा प्रश्न एका हुशार मुलीनें आम्हांस विचारला. प्रश्न रास्त आहे. टिटवीचीं अंडीं कशीं असतात, हें पुस्तकांत केव्हांच लिहिलें गेलें आहे. लिहिलें गेलेलें नाहीं तें आपल्या तळ्याचें. भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं २०२३ सालीं जो अहवाल निघाला, तो सुमारें तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. आणि हे निरीक्षक बहुतेक आपल्यासारखेच हौशी लोक. त्यांत ९४२ जातींचा विचार होऊन १७८ जातींना तातडीनें संरक्षण हवें असें ठरलें. अशा कामाला कोणत्या तारखेला, कोठें, किती पांखरें होतीं, एवढें सांगणारें साधें चित्रहि पुरतें. आणि मराठवाड्यांतील लहान तळ्यांवरून अशा नोंदी जितक्या जातील तितक्या हव्याच आहेत.

आमच्या घरीं म्हणून एक क्रम ठेविला आहे. बांधावर एक दगड ठरलेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं त्या दगडावर उभें राहून, त्याच दिशेनें, तळ्याचें एक चित्र. मग दिसतील त्या पांखरांचीं. घरांतील सुनांनीं संख्या मोजण्याचें काम आपल्याकडे घेतलें आहे, कारण पुरुषांच्या मोजणींत प्रत्येक वेळीं बदकें वाढतात! चित्राच्या मागें तारीख, वेळ, पाणी बांधाच्या कितव्या पायरीला आहे तें, आणि पांखरांचीं नांवें. २०१६ च्या एप्रिलांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. २०२५ च्या सप्टेंबरांत बीड जिल्ह्यांत अतिवृष्टि होऊन सिंदफणेला पूर आला. दोहोंमध्यें केवळ नऊ वर्षांचें अंतर. या नऊ वर्षांत तळ्यानें काय काय पाहिलें, कोणतीं पांखरें येईनाशीं झालीं व कोणतीं नवीं आलीं, हें ज्या घरच्या संग्रहांत दगडावरून घेतलेल्या शंभर साध्या चित्रांतून दिसेल, त्या संग्रहाची किंमत आमच्या मतें एखाद्या पारितोषिक मिळविलेल्या खंड्याहून जास्त आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. कांठावर जखमी पांखरूं सांपडलें, मांज्यांत वा जाळ्यांत गुंतलेलें दिसलें, तर कॅमेरा बाजूला ठेवावा. आपल्या तालुक्यांतच तागडगांव येथें ‘सर्पराज्ञी’ हें वन्य जीवांच्या शुश्रूषेचें केंद्र आहे. पांखरूं हवा खेळेल अशा खोक्यांत अंधार करून ठेवावें, त्याच्या चोंचींत बळेंच पाणी ओतूं नये, आणि तेथें किंवा वनखात्याकडे पोंचतें करावें. खोक्याच्या झांकणाला भोंकें पाडण्याचें काम घरांतील सर्वांत लहान मुलाकडे द्यावें. तें फार आवडीनें करतें.