लवचीकतेची जाहिरात आणि पंडरीतील वही

स्वतःची कामे, नोंदी, तारखा आणि देणीघेणी यांची मांडणी ज्याला जशी हवी तशी करू देणारे सॉफ्टवेअर उपलब्ध असूनही नवे लोक त्याकडे का वळत नाहीत, या प्रश्नाला त्याच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर ठरलेले असते : या साधनाने काय काय करता येते हे लोकांना ठाऊक नाही, ते सविस्तर सांगितले की लोक येतील. विरुद्ध पक्षाचे उत्तरही तितकेच ठरलेले आहे. लोकांना लवचीकता नकोच असते, म्हणून चार बटणे ठेवावीत आणि बाकीचे काढून टाकावे, असे तो म्हणतो. हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी भासले, तरी नवा माणूस आधी साधन पारखतो आणि मग ते स्वीकारतो, हे गृहीत दोघांनाही मान्य आहे. आणि खंडन करायचे ते याच गृहीताचे.

रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजारात छत्तीसगढच्या गावोगावचे किरकोळ दुकानदार घाऊक माल घेण्यास येतात आणि त्यातला बराचसा व्यवहार उधारीवर चालतो. अशा व्यवहाराची जुनी देशी वही हे लवचीक साधनाचे उत्तम उदाहरण आहे. लाल कापडी बांधणीच्या त्या वहीत छापील रकाने नसतात. पान दुमडून सळ पाडावेत, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे लिहावे, रोजमेळातील म्हणजे दैनंदिन रोकडीच्या वहीतील रक्कम पुढे खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यावी, एवढाच तिचा शिरस्ता, आणि खाती कोणती व किती ठेवावीत हे सर्वस्वी पेढीच्या मर्जीवर. एवढे मोकळे साधन पिढ्यान्‌पिढ्या शिकले गेले ते वहीचे गुणवर्णन ऐकून नव्हे. नवा गुमास्ता मुनिमाशेजारी बसे आणि एका चालू वहीतल्या एका कामाला हात लावी. वहीत आणखी काय मावते याचा विचार त्याला फार पुढे सुचे, आणि पुष्कळांना कधीच सुचत नसे.

यावर असा आक्षेप येईल की, व्यापारी संगणकाकडे वळले ते शेजाऱ्याचे पाहून नव्हे तर सक्तीने, विशेषतः १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर. सक्तीचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. परंतु सक्ती माणसाला दारापर्यंत आणते. आत तो टिकतो की नाही, हे आत काय मांडून ठेवले आहे यावर ठरते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या टॅली या भारतीय हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये खात्यांचे २८ गट आधीच तयार मिळतात आणि त्यांच्या पोटात वापरणारा हवी तेवढी स्वतःची खाती उघडू शकतो. म्हणजे लवचीकता तेथेही आहे, फक्त ती उंबरठ्यावर उभी नाही. शिवाय सक्तीची हद्द बिल आणि विवरणपत्र येथे संपते. लग्नसराईआधी कोणाला माल पाठवायचा, कोणाची बिल्टी म्हणजे मालवाहतुकीची पावती अजून यायची आहे, कोणाला दिवाळीनंतर तगादा लावायचा, ही ज्याची त्याची खाजगी व्यवस्था वहीच्या मागच्या पानावर, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःलाच धाडलेल्या संदेशात राहते. ही स्वतःला संदेश धाडण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये अधिकृतपणे दिली. लोक त्याआधीच एकट्याचा गट करून ती वापरत होते. लवचीकता लोकांना नको असते असे म्हणणाऱ्या पक्षाच्या खंडनाला एवढा एक पुरावा पुरेसा आहे.

पुरस्कर्त्यांच्या पक्षाचे खंडन इतिहासानेच केले आहे. लोटस कंपनीचे संस्थापक मिच केपर यांचे १-२-३ हे कोष्टक-सॉफ्टवेअर १९८३ मध्ये बाजारात येताच कचेऱ्यांत पसरले. त्याच केपरांच्या सहभागाने घडलेले अजेंडा हे सॉफ्टवेअर १९८८ मध्ये आले, त्यात मोकळ्या वाक्यात लिहिलेली नोंद एकाच वेळी अनेक वर्गांत लागत असे, जाणकारांनी ते वाखाणले, आणि काही वर्षांत ते बंद झाले. पुढे त्यांनीच हाती घेतलेला चँडलर हा तशाच आकांक्षेचा प्रकल्प अनेक वर्षे रखडून २००८ मध्ये १.० आवृत्तीपर्यंत पोहोचला, पण लोकांत रुजला नाही. वस्तुतः कोष्टक हे अजेंडापेक्षा कमी लवचीक नाही. कोऱ्या चौकटींत काहीही भरता येते. मात्र १९७९ च्या व्हिझिकॅल्कपासूनच हिशेबनिसाला त्या पडद्यावर आपलाच ताळेबंदाचा कागद दिसला, एक आकडा बदलताच बेरजा आपोआप बदलताना दिसल्या, आणि त्याला साधनाची व्याख्या विचारावीशी वाटली नाही. अजेंडाला मात्र आपण कशासाठी आहोत हे आधी समजावून सांगावे लागे.

आज हीच अडचण ऑर्ग-मोडपुढे आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था ईमॅक्स या मजकूर-संपादकात चालते. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये तारकाचिन्हाने मथळा सुरू करावा, त्यापुढे कामाची स्थिती आणि खाली तारीख लिहावी. अनेक फाईलींत विखुरलेली अशी कामे गोळा करून ती दिवसवार दाखवणारी यादी सॉफ्टवेअर स्वतः तयार करते. स्थितिदर्शक शब्दही आपले ठरवता येतात, म्हणजे ‘बाकी’ आणि ‘मिळाले’ एवढे दोनच शब्द ठेवून उधारीची फाईल चालवता येईल. पण नवख्याला ही गोष्ट सांगितली जात नाही. त्याला आधी सांगितले जाते की याने ग्रंथ लिहिता येतो, कोष्टके करता येतात, संगणकाची आज्ञावलीही चालवता येते. आणि तो पहिल्याच दिवशी नक्कल करण्याची ओळखीची कळ दाबतो तेव्हा तिथे नक्कलच होत नाही.

म्हणून मंडनाचा पक्ष असा : नव्या माणसाच्या हाती कोरी फाईल किंवा वैशिष्ट्यांची यादी न देता एक चालती फाईल द्यावी. पंडरीतल्या दुकानासाठी ती दहा-वीस काल्पनिक गिऱ्हाइकांची, तगाद्याच्या तारखा घातलेली आणि उघडताच आजची यादी दाखवणारी असावी. त्याने नावे पुसून आपली लिहावीत, इतकेच पहिले शिक्षण. कळांची सवय मोडायला लावू नये, ओळखीच्या कळा चालू करून देणारी सोय ईमॅक्समध्ये आहेच. आणि उद्या साधन सोडले तरी नोंदी साध्या मजकुरात राहतात, कोणत्याही संगणकावर वाचता येतात, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगावे, कारण उधारीची वही दुसऱ्याच्या कुलपात ठेवण्याची भीती व्यापाऱ्याला रास्तपणे वाटते.

थोडे पण जाणते लोक पुरेत, गर्दी कशाला, असा एक तिसरा पक्षही ऐकू येतो आणि तो दिसतो तितका निरुपद्रवी नाही. ऑर्ग-मोडमध्ये तारीख इंग्रजी अंकांतच लिहावी लागते, देवनागरी अंकांतली तारीख त्याला तारीख वाटत नाही. काना-मात्रांमुळे त्यातली कोष्टके अनेकदा वाकडी दिसतात. हे दोष असाध्य नाहीत. परंतु स्वयंसेवकांनी चालवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती होते ती ज्याला दोष बोचतो त्याच्या तक्रारीवरून, आणि सध्याच्या जाणत्यांपैकी बहुतेकांना देवनागरीत उधारी लिहावी लागत नाही.